विमान नेमकं उडतं कसं? वाचनालयातल्या विंड टनेलच्या प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

आमच्या धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून ट्रेनिंगची छोटी विमानं उडतात, त्यामुळे इथल्या पोरांना विमान दिसणं काही नवीन नाही, घरघर ऐकू आली तरी कोणी मान वर करत नाही. पण ते वर राहतं कसं हे विचारलं की दहावीतला पोरगाही "इंजिन जोरात असतं ना" एवढंच सांगतो. म्हणून वाचनालयाच्या विज्ञान कट्ट्यावर ठरलं की २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला एकच विषय घ्यायचा, विमान. पोस्टर कमी, करून दाखवायचं जास्त.

काउंटरवर एक खोका ठेवला होता, विमानाबद्दल काहीही विचारा म्हणून. आज उघडला. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या अर्थातच "एवढं जड विमान वर कसं राहतं" याच्या, त्याखालोखाल "इंजिन बंद पडलं तर". मग उलटं उडतं का, मागे जातं का, वीज पडली तर काय, खिडकीला बारीक भोक का असतं, पंख तुटत नाहीत का. आणि सातवीतल्या एका मुलीची चिठ्ठी फार आवडली, "विमान वर एका जागी थांबवलं तर खाली पृथ्वी फिरेल, मग लंडन आपोआप खाली येईल ना?" ही चिठ्ठी वेगळी काढून ठेवलीय, नीट उत्तर द्यायचं.

कपाटात विमानावरचा एक जुना तक्ता पण सापडला. त्यात लिहिलंय की पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेसोबत एकाच वेळी पोचायचं म्हणून ती जोरात पळते आणि म्हणून विमान उडतं. हे चूक आहे. कित्येक पुस्तकांत आहे, कित्येक व्हिडिओत आहे, तरी चूकच आहे, आणि माझ्यासाठी या प्रकल्पाचा खरा मुद्दा हाच आहे की पोरांच्या डोक्यात हे उत्तर जाऊ द्यायचं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

आज फक्त हवा. पंखाकडे वळण्याआधी हवेला वजन असतं हे पटायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेतच राहतं. वाचनालयाची वरची खोली टेप घेऊन मोजली, साधारण ८ मीटर लांब, ६ रुंद, सव्वातीन उंच. म्हणजे १५६ घनमीटर. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. झालं १८७ किलो. खोलीतल्या नुसत्या हवेचं वजन दोन-तीन माणसांइतकं, हे ऐकून पोरं चाटच पडली, एकाने तर खिडकी बंद करून परत मोजू म्हटलं.

मग दाब. आपल्यावर वर आकाशापर्यंत हवेचा थर आहे, त्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण १० टन भरतं. आपल्याला जाणवत नाही कारण सगळ्या बाजूंनी सारखंच दाबलं जातं. हा आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवला कारण सगळं गणित इथेच येऊन थांबतं. एअरबस ए ३२० भरून उडते तेव्हा वजन ७८ टनांपर्यंत असतं आणि पंखाचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटर पंखाला फक्त ६४० किलोच्या आसपास उचलायचंय. १० टनांपैकी ६४० किलो म्हणजे सहा-साडेसहा टक्के. पंखाच्या खालच्या आणि वरच्या दाबात एवढा फरक पडला की १८० माणसं सामानासकट वर. मला स्वतःला हे गणित फार आवडतं, कारण "एवढं जड कसं उडतं" या प्रश्नाची भीतीच निघून जाते, हवेकडे ताकद भरपूर आहे, पंखाला तिच्यातला थोडासा भाग वापरायचाय.

छोट्या विमानाचं अजून सोपं. सेस्ना १७२ चं कमाल वजन १,१११ किलो, पंख १६.२ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ६९ किलो. एका माणसाचं वजन.

१७ डिसेंबर, मंगळवार

आजच्याच तारखेला १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर किटी हॉकजवळ राइट बंधूंचं विमान उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंद आणि १२० फूट, त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंद आणि ८५२ फूट. हे सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, पण त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट पोरांना सांगितली ती जास्त महत्त्वाची वाटते. १९०१ मध्ये त्यांचा ग्लायडर गणितात बसत होता तेवढं वजन उचलेना. मग दोघांनी डेटनच्या सायकल दुकानात सहा फूट लांब आणि १६ इंच चौकोनी लाकडी पेटी बनवली, एका टोकाला पंखा लावला आणि आत पंखांचे छोटे छोटे नमुने, जवळजवळ २०० आकार, एकेक करून तपासले. मोजायचा काटा त्यांनी करवतीच्या पात्याचे तुकडे आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून घरीच केला. छापून आलेले आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर स्वतः मोजून नवे आकडे काढले, हे मला त्या १२ सेकंदांपेक्षा मोठं वाटतं.

तर आपणही अशी पेटी, म्हणजे विंड टनेल, करायचा. सामान ठरलं: १२ इंची एक्झॉस्ट फॅन (वाचनालयाचा जुना पडून आहे), प्लायवूड, एका बाजूला ॲक्रिलिकची शीट, रेग्युलेटर, स्ट्रॉ भरपूर, काळा कागद, एलईडी पट्टी, उदबत्त्या, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.

२२ डिसेंबर, रविवार

एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले काका मदतीला आलेत, त्यामुळे कामाला वेग आला. पेटी तयार, आतून ३० सेमी चौकोनी, लांबी साधारण दीड मीटर. काकांचा पहिला प्रश्न, "फॅन पुढे लावून हवा आत का नाही ढकलायची, मागे लावून ओढायची कशाला?" सांगितलं की फॅनच्या पात्यांतून निघालेली हवा गरगर फिरत येते, तिच्यात नमुना ठेवला तर काय दिसतंय तेच कळणार नाही. ओढून घेतलेली हवा त्यामानाने शांत येते. काका म्हणाले, "मग तोंड मोठं करा, शिट्टीसारखी हवा नको शिरायला." बरोबर होतं त्यांचं, पुठ्ठ्याचं पसरट तोंड केलं, आत येईपर्यंत हवा सावकाश गोळा होते.

तोंडाशी स्ट्रॉची जाळी, सगळ्या स्ट्रॉ एकमेकांना चिकटवून आडव्या रचल्या, मधमाशांच्या पोळ्याला जसं दिसतं तसं दिसतं. हे काम पोरांनी केलं, तीन संध्याकाळी लागल्या, पण कोणी कंटाळलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

धूर दिसला!

आधी फॅन फुल ठेवला तर उदबत्तीचा धूर फाटून जात होता, रेग्युलेटर अगदी कमी केल्यावर, सेकंदाला मीटरभर वेग असेल, स्ट्रॉमधून धुराच्या सरळ रेघा यायला लागल्या. मागे काळा कागद, वरून एलईडी पट्टी, खोलीत अंधार. मग मध्ये कार्डशीटचा बाकदार पंख थोडा वर तिरपा करून ठेवला. रेघा पंखाच्या पुढेच, पंखाला लागायच्या आधीच वर उचलल्या जातात, वरून पाठीला धरून वळतात आणि मागच्या कडेवरून खाली उतरत जातात. पंखाच्या मागे सगळी हवा खाली चाललेली स्पष्ट दिसते.

हेच उत्तर आहे. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर ढकलते. बाकीचं सगळं या एका वाक्यात बसवता येतं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज तक्त्यातल्या "एकाच वेळी पोचायचं" या गोष्टीचा निकाल लावला, मोठ्या मुलांसोबत फळ्यावर.

पहिलं म्हणजे, पंखाच्या पुढच्या कडेशी वेगळी झालेली हवा मागे परत भेटायला हवी असा कुठला नियमच नाही. वरच्या हवेला कोणी वेळ दिलेली नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधी पोचते, बऱ्यापैकी आधी. केंब्रिज विद्यापीठातल्या होल्गर बाबिन्स्की यांनी विंड टनेलमध्ये धुराचे तुटक तुटक ठिपके सोडून हे चित्रित केलंय, वरचे ठिपके पुढे निघून जातात, खालचे मागे राहतात, परत भेट होतच नाही. आम्ही पण उदबत्तीवर हात आडवा धरून धूर तोडून बघितला, इतकं सुबक नाही दिसलं पण वरची तुटलेली रेघ आधी बाहेर पडते एवढं कळतं.

दुसरं, गणित. नेहमीच्या पंखाची वरची वाट खालच्यापेक्षा फार तर दोन-तीन टक्के लांब असते. दोन टक्के धरू. सेस्ना ताशी २०० किमीने चाललीय आणि वरून हवा दोन टक्के जास्त वेगाने जातेय, तर बर्नुलीच्या सूत्राने (हवा जोरात वाहते तिथे दाब कमी) दाबातला फरक येतो चौरस मीटरला सात-आठ किलो. पाहिजेत ६९ किलो. म्हणजे नऊपट कमी. या हिशोबाने सेस्ना कधी गोंदूरची जमीन सोडूच शकत नाही.

तिसरं, कागदी विमान. त्याचा पंख सपाट असतो, वर-खाली वाट सारखीच, तरी ते उडतं. आणि हवाई दलाची सूर्यकिरण टीम उलटी उडते तेव्हा फुगीर बाजू खाली असते. तक्ता खरा असता तर ते विमान जमिनीकडे ओढलं गेलं असतं.

मग एका मुलाने विचारलं, मग बर्नुली खोटा का? नाही, बिलकुल नाही. वरची हवा जोरात जाते हे खरं, तिथे दाब कमी असतो हेही खरं, सूत्रही खरं. खोटं आहे ते फक्त जोरात जाण्याचं सांगितलेलं कारण. न्यूटनने हिशोब केला काय (हवा खाली फेकली, तेवढाच धक्का वर मिळाला) आणि दाबाने केला काय, उत्तर एकच येतं, कारण पंखाला हात लावणारी गोष्ट एकच आहे, हवेचा दाब. न्यूटन खरा की बर्नुली खरा असा वाद बरेच जण घालतात, त्यात पोरांचा वेळ घालवायचा नाही असं मी ठरवलंय.

दाब कमी का होतो ते गोफणीने सांगितलं. गोफणीतला दगड गोल फिरतो कारण दोरी त्याला आत ओढते. पाठीवरून वळणाऱ्या हवेला दोरी नाही, तिला वळवायचं तर बाहेरून कोणीतरी आत ढकललं पाहिजे, म्हणजे बाहेर दाब जास्त आणि पंखाच्या पाठीशी कमी. लांबवर तर नेहमीचाच १० टनांचा दाब आहे, मग पंखाला लागून त्याहून कमीच असणार. वेग वाढतो तो या कमी दाबाकडे हवा धावते म्हणून. आठवीच्या वरच्यांना हे समजलं, लहानांना धूर दाखवून पुरे.

५ जानेवारी, रविवार

छोटा प्रयोग, घरी कोणीही करावा. कागदाची पट्टी ओठाखाली धरून वरून फुंकली की पट्टी वर उचलली जाते, आणि शाळेत सांगतात की जोरात हवा म्हणजे कमी दाब, झालं सिद्ध. आता दुसरी पट्टी सरळ खाली लटकत ठेवा आणि तिच्या एकाच बाजूने फुंका, फुंकर पट्टीला समांतर. पट्टी जवळ येत नाही. एका बाजूला हवा जोरात आहे, दुसऱ्या बाजूला स्थिर, तरी काही नाही. कारण इथे हवा वळतच नाही. पहिल्या पट्टीत ती वाकलेल्या कागदाला धरून खाली वळत होती म्हणून कागद वर आला. हा प्रयोग टेबल क्रमांक १ वर ठेवायचा, खर्च शून्य.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, कट्टा बंद, सगळी पोरं गच्चीवर. पण पतंग हा पण पंखच. कन्नी बांधताना पतंग वाऱ्याला किती तिरपा राहील तेच आपण ठरवत असतो, सरळ झाला तर गोते खातो, जास्त तिरपा झाला तर नुसता मागे ओढला जातो, वर जात नाही. विमानात या तिरपेपणाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. टेबलावर एक पतंग ठेवायचा, दोन वेगळ्या कन्नी बांधून.

१९ जानेवारी, रविवार

वजनकाटा बसवला. काकांची युक्ती: पंखाला खाली दोन बारीक सळ्या, त्या पेटीच्या तळातल्या फटींमधून खाली येतात आणि एका जड लाकडी ठोकळ्यात बसतात, ठोकळा काट्यावर. काटा शून्य करायचा, फॅन चालू करायचा, पंख जितका वर ओढेल तितका काटा वजा आकडा दाखवतो. इतकं सोपं आणि इतकं स्पष्ट.

सगळे पंख २५ सेमी लांब, १० सेमी रुंद. हवेचा वेग छोट्या अ‍ॅनिमोमीटरने मोजला, फुल स्पीडला सेकंदाला ५ मीटरच्या आसपास. तिरपेपणा ५ अंश. सपाट कार्डशीट १७ ग्रॅम, बाकदार कार्डशीट २८ ग्रॅम. थर्माकोलचा गुबगुबीत, चित्रातल्या विमानाच्या पंखासारखा दिसणारा पंख मात्र १५-१६ च्या वर जाईना. पोरांना आश्चर्य वाटलं, पण कारण आहे. एवढ्याशा पंखावर एवढ्या हळू वाऱ्यात जाड पाठीला हवा नीट धरून राहत नाही, लवकर सुटते. बारीक आणि बाकदार पंख इथे जिंकतो. राइट बंधूंचे पंख पण पातळ आणि बाकदारच होते, आणि चतुर-नाकतोड्याचा पंख बघा. मोठ्या आणि वेगवान विमानाला जाड पंख चालतो, वर त्यात इंधन भरता येतं हा फायदा वेगळाच.

वेग अर्धा केला, अडीच मीटर, तर २८ वरून थेट ७ ग्रॅमच्या आसपास. अर्धा नाही, पाव. एकदा एका मुलीने स्वतःच ओळखलं, "दादा, हवा पण अर्धीच येते आणि ती ढकलली पण अर्ध्याच जोरात जाते." बरोबर, अर्ध्याचा अर्धा. म्हणूनच विमानाला धावपट्टीवर एवढं पळावं लागतं, आणि म्हणूनच उतरताना वेग कमी झाल्यावर पंखाच्या मागचा भाग बाहेर येऊन खाली वाकतो, त्याला फ्लॅप म्हणतात, पंख मोठा आणि जास्त बाकदार झाला की कमी वेगात पण तेवढंच वजन पेलतो. खिडकीजवळ बसलेल्याने हे नक्की बघावं.

बाकदार पंख उलटा लावून नाक बरंच वर केलं, तरी काटा वजा गेला. कमी गेला, पण गेला. "उलटं उडतं का" ची चिठ्ठी निकाली.

मग स्टॉल. पंखाच्या पाठीवर लोकरीचे बारीक धागे चिकटवले आणि हळूहळू नाक वर करत गेलो. आठ-नऊ अंशांपर्यंत धागे पाठीला चिकटून मागे सरळ, आकडा वाढतोय. दहाच्या पुढे मागच्या कडेचे धागे थरथरायला लागले, मग उलटे पुढे वळले, आणि आकडा वाढायचा थांबून घसरला. हवेने पाठ सोडली, यालाच स्टॉल म्हणतात. मोठ्या विमानात हे साधारण पंधरा-सोळा अंशांना होतं. बातम्यांत "विमान स्टॉल झालं" वाचून लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं, तसं नाही, इंजिन व्यवस्थित चालू असताना पण स्टॉल होतो. आणि उपाय ऐकायला उलटा वाटतो, विमान खाली पडतंय तरी नाक खाली करायचं, म्हणजे तिरपेपणा कमी होतो, हवा परत पाठीला धरते. शिकाऊ पायलटला हे मुद्दाम उंचावर नेऊन पुन्हा पुन्हा करायला लावतात. गोंदूरच्या विमानाचा आवाज मध्येच बारीक होतो ना, तेव्हा वर बरेचदा असलंच काहीतरी शिकणं चाललेलं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

"इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडतं का?" याच्यासाठी पूर्ण एक टेबल ठेवतोय, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच असते.

नाही पडत. इंजिन विमानाला पुढे ढकलतं, वर धरतो तो पंख. इंजिन गेलं तर पायलट नाक थोडं खाली करतो, उंची खर्च करून वेग टिकवतो. सेस्ना १७२ एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण नऊ किलोमीटर पुढे जाते, मोठं जेट पंधरा-सतरा किलोमीटर जातं. ३५,००० फूट म्हणजे साडेदहा किलोमीटर, म्हणजे वारा वगैरे सोडून ढोबळ हिशोबाने दीडशे किलोमीटरच्या पुढे. धुळ्याच्या डोक्यावर दोन्ही इंजिनं गेली तरी नाशिक आवाक्यात येतं! पोरांनी नकाशावर कंपासने वर्तुळ काढलं, ते टेबलावर लावणार.

खरी गोष्ट पण लावतोय. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं १४३ नंबरचं फ्लाइट, बोइंग ७६७, ४१,००० फुटांवर असताना इंधन संपलं. कारण काय, तर इंधनाच्या हिशोबात किलोग्रॅमच्या जागी पौंडाचा आकडा वापरला गेला, हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमीच इंधन टाकीत होतं. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते, त्यांनी ते अवाढव्य विमान बिनइंजिनाचं कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ च्या ६९ जण वाचले. एकक लिहिलं नाही म्हणून गणितात मार्क कापले की कुरकुर करणाऱ्यांना ही गोष्ट मी मुद्दाम मन लावून सांगितली.

ज्यांना बिनइंजिनाचं उडणं जवळून बघायचंय त्यांच्यासाठी पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. आणि घार तर रोजच दिसते, दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधते आणि पंख न हलवता गोल गोल वर जाते. ग्लायडरवाले तेच करतात, घारी दिसल्या की तिकडे वळतात.

९ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या चिठ्ठ्यांची कार्डं केली. बरीचशी पटकन झाली.

मागे जातं का: जमिनीवर ट्रॅक्टरसारखी गाडी ढकलते, हवेत नाही. वीज पडली तर: पडते, प्रवासी विमानांवर पडतच असते, ती बाहेरच्या धातूच्या कातडीवरून वाहत दुसऱ्या टोकाने निघून जाते. पंख तुटत नाहीत का: बोइंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये कारखान्यात मुद्दाम वाकवत नेला, उड्डाणात येऊ शकेल अशा सगळ्यात मोठ्या भाराच्या १५४ टक्क्यांना तो मोडला. तेव्हा धक्के बसताना पंख वर-खाली हलताना दिसला तर घाबरू नका, तो वाकण्यासाठीच बनवलाय, पट्टा मात्र बांधून ठेवा. रनवेवरचे आकडे: दिशा, शेवटचं शून्य काढून. मुंबईचा ०९ म्हणजे साधारण ९० अंश, पूर्वेकडे तोंड, तोच उलट्या बाजूने २७. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि उतरतं, समोरचा वारा पंखाला फुकटात वेग देतो.

खिडकीच्या भोकाला जरा जास्त जागा दिली. ३५,००० फुटांवर बाहेरचा दाब जमिनीच्या जेमतेम चौथा हिस्सा, म्हणून आत हवा भरून ठेवतात, साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी. हा सगळा जोर खिडकीची बाहेरची काच घेते, मधल्या काचेला बारीक भोक ठेवतात म्हणजे दोन काचांमधला दाब केबिनइतकाच राहतो आणि धुकंही धरत नाही. आणि दर उड्डाणाला विमान फुग्यासारखं थोडं फुगतं, थोडं आक्रसतं, ते हजारो वेळा होऊन धातू थकतो हे जगाला कॉमेट नावाच्या ब्रिटिश प्रवासी जेट विमानांच्या अपघातांतून कळलं. १९५४ मध्ये तीन महिन्यांच्या आत दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडात फार्नबरोला आख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग फाकत गेलेली दिसली. कोपऱ्यात ताण साठतो. आजच्या खिडक्यांचे कोपरे एवढे गोल असतात त्यामागे एवढी माणसं गेलीत, हे कार्डावर लिहायलाच हवं असं मला वाटलं आणि लिहिलं.

आता लंडनवाली चिठ्ठी. पृथ्वी फिरते तेव्हा हवा पण तिच्यासोबत फिरते, विमान त्या हवेत असतं. धुळ्याच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५५० किमी वेगाने पूर्वेकडे चाललीय. हवा मागे राहिली असती तर आत्ता इथे घराबाहेर ताशी १,५५० किमीचा वारा असता, झाडं, घरं काही टिकलं नसतं. म्हणजे वारा नाही हाच पुरावा. पण तिच्या प्रश्नात एक खरी गोष्ट पण आहे, उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यामुळे मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. कार्डावर "सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न" असं लिहिलंय, ती खूश.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एका पालकांनी येऊन विचारलं, "१८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, ते का नाही लावलं? आपला मराठी माणूस!" त्यांची कळकळ खरी होती म्हणून बसून बोललो. तळपद्यांना या विषयाचा ध्यास होता हे खरं. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा, मोजमाप, चित्र, असं काही समोर आलेलं नाही. आणि याच्यासोबत जोडलं जातं ते वैमानिक शास्त्र हे पुस्तक विसाव्या शतकात सांगून लिहून घेतलेलं आहे, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातली यंत्रं तपासली आणि ती उडूच शकत नाहीत असं दाखवलं. आपण पोरांना काटा लावून मोजायला शिकवतोय, मग इथे न मोजलेलं कसं लावायचं?

मराठी माणसाचा अभिमान पाहिजे तर कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आहेत, ज्यांच्या विमानाची रीतसर नोंदणी झाली. आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ती जागा आपल्याच महाराष्ट्रात आहे. दोन्ही कार्डं केली. पालकांना पटलं, जाताना टनेलमध्ये बाकदार पंख स्वतः लावून बघून गेले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. सकाळी दहापासून रांग, दुपारी जेवायला पण उठता आलं नाही. धुराच्या टेबलावर सगळ्यात गर्दी, पडदे लावून अंधार केला होता, आतून सारखं "परत दाखवा, परत दाखवा". फॅन तापला म्हणून मध्ये मध्ये थांबवावा लागला.

समजावून सांगायचं काम मी शेवटी पोरांवरच सोडलं होतं. सातवीतलीने एका आजीबाईंना सेस्नाचं गणित सांगितलं, ते मी बाजूला उभं राहून ऐकलं: ११ मीटर लांब पंख, सेकंदाला ५५ मीटर पुढे, म्हणजे ढोबळमानाने दर सेकंदाला सहा टन हवा पंखाच्या तावडीत येते, तिला माणसाच्या भरभर चालण्याएवढ्या वेगाने खाली ढकललं की अकराशे किलो वर राहतात. आजी म्हणाल्या, "म्हणजे विमान हवेवर चालतंच की बाई." याहून चांगलं उत्तर त्या खोलीत कोणी दिलं नाही.

शेवटी एका शेतकरी काकांनी नवा प्रश्न टाकला: मे महिन्यात गोंदूरची विमानं जास्त लांब पळतात का? तापल्यावर हवा विरळ होते, १५ अंशांच्या मानाने ४४ अंशांना साधारण दहा टक्के विरळ. तेवढंच वजन उचलायला वेग साधारण पाच टक्के जास्त लागतो, वर इंजिनालाही हवा कमी मिळते, म्हणून धावपट्टी जास्त लागते. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांवर, तिथे हवा मुळातच विरळ, म्हणून तिथली बहुतेक विमानं सकाळच्या गारव्यातच उरकतात. म्हटलं, काका, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर हो आहे.

२ मार्च, रविवार

आवराआवर. जुना तक्ता काढला, त्या जागी धुराचा फोटो मोठा करून लावला, खाली एकच ओळ, "पंख हवा खाली वळवतो."

टनेल साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेने मागितलाय, गुरुजी स्वतः टेम्पो घेऊन येणार आहेत. द्यायच्या आधी करायचं: ॲक्रिलिकवरचा उदबत्तीचा थर पुसणे, फटींना फोम लावणे, जाळीतल्या चेपलेल्या स्ट्रॉ बदलणे, सोबत जादा स्ट्रॉ आणि लोकर. रेग्युलेटरवर तीन खुणा केल्यात, धूर, अर्धा, फुल. थर्माकोलचा पंख पण पाठवायचा, पोरांनी स्वतः लावून बघू दे तो कमी का उचलतो. मे महिन्यात काटा आणि थर्मामीटर घेऊन तिकडे जायचं, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला तोच पंख तोच रेग्युलेटर ठेवून मोजायचं. फरक एक-दीड ग्रॅमचाच असेल, तेव्हा काट्याचा दशांश ग्रॅमवाला प्रकार लागेल, काका बघतायत कुठे मिळतो.

खोक्यात परत चिठ्ठ्या आल्यात. हेलिकॉप्टर.